सीझियमचा फोटोपीक दुपारी सरकतो: गॅमा स्पेक्ट्रोमीटरची उन्हाळी तक्रार आणि तिचा माग

मार्च संपत आला की सोलापुरातल्या एमएस्सी फिजिक्सच्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात. लॅबमधलं गॅमा स्पेक्ट्रोमीटर सोर्समधून, म्हणजे किरणोत्सारी नमुन्यातून, क्रिस्टलमध्ये आलेला प्रत्येक गॅमा त्याने दिलेल्या ऊर्जेप्रमाणे क्रमांकाच्या खान्यात, म्हणजे चॅनेलमध्ये, मोजतं. या मोजणीचा आलेख म्हणजे स्पेक्ट्रम, आणि गॅमाची सगळी ऊर्जा नोंदली गेली की त्यात उभा राहणारा उंचवटा म्हणजे फोटोपीक. चॅनेल आणि ऊर्जा यांची जुळवणी म्हणजे कॅलिब्रेशन. मेसेजचा मजकूर थोड्याफार फरकाने तोच असतो. "सर, सकाळी कॅलिब्रेशन केलं तेव्हा सीझियमचा फोटोपीक ६६२ व्या चॅनेलला होता. जेवून आलो तर ६३६ ला. परत कॅलिब्रेशन करू का?" त्याच्या मागोमाग दुसरा मेसेज येतो: "दोनशेच्या अलीकडे एक बुटका, पसरट पीक दिसतोय. सोर्सच्या तक्त्यात तो नाही. सोर्समध्ये काही भेसळ आहे का?"

दोन्ही प्रश्न एकत्रच घेतो, कारण पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात आहे. तो बुटका पीक आणि त्याच्या उजवीकडची उतरण, ही दोन्ही म्हणजे यंत्र तपासायची फुकटात मिळालेली मापं आहेत. ती कशी वापरायची ते कळलं की निम्मी धावपळ वाचते.

सगळ्यात आधी एक विनंती. पीक सरकला म्हणून लगेच परत कॅलिब्रेशन करू नका. तसं केलं की आकडा जागेवर येतो, पण बिघाड कुठे आहे याचा पुरावा पुसला जातो आणि तासाभराने पुन्हा तेच. त्याऐवजी स्पेक्ट्रम सेव्ह करा आणि त्यावरची तीन चॅनेल वहीत लिहा: फोटोपीकचा मध्य, कॉम्प्टन एजचा, म्हणजे बुटक्या पीकच्या उजवीकडच्या उतरणीचा मध्य आणि बॅकस्कॅटर पीकचा, म्हणजे त्या बुटक्या पीकचा मध्य. सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरमध्ये एज कधीच कडेलोटासारखी सरळ तुटलेली नसते, ती उतरती असते. म्हणून दर वेळी तिची निम्मी उंची जिथे येते तेच चॅनेल घ्या.

ही तीन ठिकाणं कुठून येतात?

सीझियम-१३७ चं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं. त्यातून तयार होणारं उत्तेजित बेरियम ६६१.७ केईव्हीचा (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) गॅमा सोडतं; बोलताना आपण ६६२ म्हणतो. हा गॅमा क्रिस्टलमधल्या आयोडीनच्या आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनला भेटला, तर तो आपली सगळी ऊर्जा देऊन संपतो. हा फोटोइलेक्ट्रिक परिणाम. आयोडीनचा के-कक्षेतला इलेक्ट्रॉन सोडवायला ३३ केईव्ही खर्च होतात, उरलेली ऊर्जा घेऊन इलेक्ट्रॉन निघतो. रिकाम्या जागी दुसरा इलेक्ट्रॉन उतरला की ते ३३ केईव्हीही एक्स-रे किंवा त्याच अणूतून उडालेल्या दुसऱ्या (ऑजे) इलेक्ट्रॉनच्या रूपाने बाहेर पडतात आणि बहुतेक वेळा क्रिस्टलमध्येच जिरतात. बेरीज पुन्हा ६६२.

पण ६६२ केईव्हीला सोडियम आयोडाइडमध्ये गॅमाची पहिली टक्कर बहुतेक वेळा कॉम्प्टनचीच असते. गॅमा एखाद्या जवळजवळ मोकळ्या इलेक्ट्रॉनला धडकतो, थोडी ऊर्जा देतो आणि दिशा बदलून निघून जातो. किती ऊर्जा द्यायची हे फक्त दोन गोष्टींवर ठरतं: गॅमाची मूळ ऊर्जा आणि वळण्याचा कोन. आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ साली दिलेलं हे सूत्र आहे, त्यासाठी १९२७ चं नोबेल मिळालं. त्यात इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाची ऊर्जा, म्हणजे ५११ केईव्ही, एवढाच एक स्थिरांक येतो. क्रिस्टल कुठल्या कंपनीचा, खोलीत गरम किती, शिसं किती जाड, यातलं काहीही त्यात नाही.

सूत्रात कोन १८० अंश घाला. ६६१.७ ला १ अधिक (२ × ६६१.७ / ५११) ने भागायचं, म्हणजे ३.५९ ने. उत्तर १८४. थेट मागे वळलेल्या गॅमाकडे १८४ केईव्ही उरतात, इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त ४७७ मिळतात. मागे वळलेला गॅमा क्रिस्टलबाहेर निसटला तर क्रिस्टलमध्ये ४७७ नोंदले जातात, त्याहून जास्त एका टकरीत मिळूच शकत नाहीत. ती कॉम्प्टन एज. याच्या उलट, टक्कर क्रिस्टलच्या बाहेर झाली, म्हणजे मागच्या भिंतीत, टेबलात किंवा शिशाच्या विटांमध्ये, आणि वळलेला गॅमा डिटेक्टरमध्ये येऊन जिरला, तर नोंद होते १८४ च्या आसपास. तोच आपला बुटका पीक. सोर्समध्ये भेसळ वगैरे काही नाही.

तो पसरट का, हेही एकदा हाताने आकडेमोड करून पाहण्यासारखं आहे. १२० अंशाला उरलेली ऊर्जा २२५, १५० अंशाला १९४, १८० ला १८४. कोन साठ अंशांनी बदलला तरी ऊर्जा चाळीसच केईव्हीने बदलते. त्यामुळे मागच्या बाजूने येणारे सगळे गॅमा एकाच ठिकाणी दाटी करतात. कोबाल्ट-६० ठेवला तर ११७३ आणि १३३२ अशा दुप्पट ऊर्जेच्या गॅमांचाही बॅकस्कॅटर २१० आणि २१४ लाच येतो. सुरुवातीची ऊर्जा कितीही वाढवा, थेट मागे आलेला गॅमा ५११ च्या निम्म्यापुढे, म्हणजे साधारण २५५ च्या पुढे जात नाही. अडीचशेच्या पुढे एखादा अनोळखी पीक आला, तर त्याला बॅकस्कॅटर म्हणून मोकळं होऊ नका.

आता मूळ दुखण्याकडे

कॅलिब्रेशन एका चॅनेलला एक केईव्ही असं, म्हणून सकाळी तीन आकडे होते ६६२, ४७७, १८४. दुपारी समजा ६३६, ४५८, १७७ आले. भागून पाहा. ४५८ भागिले ६३६, ०.७२. १७७ भागिले ६३६, ०.२८. सकाळचीही गुणोत्तरं हीच होती. याचा अर्थ भौतिकशास्त्र जागेवर आहे, सगळा स्पेक्ट्रम एकाच प्रमाणात आकसला आहे, इथे चार टक्क्यांनी. हे गेनचं, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो त्याचं काम. गॅमा पडल्यावर क्रिस्टलमधून निघणारा उजेड कमी येतोय, पीएमटीचं (त्या उजेडाचा विजेचा सिग्नल करून तो वाढवणाऱ्या नळीचं) प्रवर्धन उतरलंय किंवा पुढच्या अँप्लिफायरचं.

याउलट आकडे ६४०, ४५५, १६२ असे आले, म्हणजे तिन्हीकडे बावीसच चॅनेल कमी, तर गुणोत्तर बिघडलेलं असेल पण वजाबाकी सारखी असेल. मग पीएमटीला हात लावू नका. एमसीएचा (सिग्नल उंचीप्रमाणे चॅनेलमध्ये वाटणाऱ्या भागाचा) झीरो किंवा अँप्लिफायरची बेसलाइन सरकली आहे, ती सेटिंग पाहा.

गेनचा दोष असेल तर सोलापुरात पहिला संशय उन्हावर घ्यायचा. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा ४२-४३ च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये सकाळ-दुपारचा फरक सहज दहा-बारा डिग्री पडतो. थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचा उजेड तापमान वाढलं की घटतो, पीएमटीचं प्रवर्धनही उतरतं. दोन्ही मिळून डिग्रीमागे काही दशांश टक्के. दहा डिग्रीला तीन-चार टक्के गेले तर त्यात नवल नाही.

यातली फसवी गोष्ट म्हणजे डिटेक्टरभोवतीचं शिशाचं घर. उन्हाळ्यात दगडी भिंत रात्री उशिरापर्यंत गरम राहते, तसं शिसं खोलीच्या बरंच मागून तापतं आणि मागूनच निवतं. भिंतीवरचा थर्मामीटर उतरायला लागला तरी आतलं क्रिस्टल तापतच असतं. म्हणून मुलं म्हणतात, "सर, एसी लावून तास झाला, तरी पीक खालीच जातोय." थर्मामीटरचा सेन्सर शिशाच्या आत, डिटेक्टरच्या आवरणाला टेकवून ठेवा, मग आलेख जुळायला लागतील. आणि घाईने डिटेक्टरवर एसीचा थेट झोत सोडू नका. सोडियम आयोडाइड तापमानाचा झटका सहन करत नाही, त्याला तडा जातो. तडा गेलेलं क्रिस्टल दुरुस्त होत नाही.

दुसरा संशय एचव्हीवर, म्हणजे पीएमटीला दिलेल्या हाय व्होल्टेजवर. दहा डायनोडच्या, म्हणजे प्रवर्धनाच्या दहा टप्प्यांच्या, पीएमटीचं प्रवर्धन व्होल्टेजच्या साधारण सातव्या घाताने बदलतं. ७५० व्होल्टला ५ व्होल्टची घसरण, म्हणजे पाऊण टक्कासुद्धा नाही, पण गेन जवळजवळ साडेचार टक्क्यांनी उतरतो. सीझियमचा पीक तीस चॅनेल खाली. एचव्हीच्या युनिटवरचा आकडा जागचा हलला नाही म्हणून आतला व्होल्टेज हलला नाही असं समजू नका, कारण कित्येक जुन्या युनिटवर पाच व्होल्टचा फरक डोळ्यांना दिसतच नाही. लॅबच्याच लाइनवर पाण्याची मोटर किंवा मोठा एसी असेल तर तो सुरू होतानाची वेळ टिपून ठेवा. रिलेचा स्टॅबिलायझर खटकन टप्पा बदलतो, त्याने हे काम भागत नाही. ऑनलाइन यूपीएस लावा. एचव्ही चालू केल्यावर निदान अर्धा तास मोजमाप सुरू करायचं नाही, हे तर नेहमीचंच.

ऊन की वीज, हे ओळखायचं कसं? दुपारभर एकच लांब रन घेऊ नका. दहा-दहा मिनिटांचे छोटे रन घ्या, प्रत्येक वेगळा सेव्ह करा, आणि फोटोपीकचं चॅनेल वेळेसमोर मांडा. सावकाश उतार दिसला तर उष्णता. पायरी दिसली तर वीज. एकच लांब रन घेतला की हे सगळं एकमेकांत मिसळतं आणि पीक नुसता जाड होऊन एका बाजूला शेपूट काढतो. मग वाटतं रिझोल्यूशनच, म्हणजे जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या दाखवण्याची क्षमताच, बिघडलं.

लॅबमध्ये पल्सर, म्हणजे ठरावीक उंचीच्या विजेच्या पल्स देणारं यंत्र, असेल तर त्याची पल्स पीएमटीनंतरच्या प्रीअँप्लिफायरला द्या. पल्सरचा पीक जागेवर आणि सीझियमचा मात्र सरकतोय, तर दोष प्रीअँप्लिफायरच्या आधी आहे: क्रिस्टल, पीएमटी किंवा एचव्ही. दोन्ही एकत्र सरकले तर अँप्लिफायर किंवा एमसीए. मला ही चाचणी फार आवडते, कारण तिच्यात वाद घालायला जागाच राहत नाही.

रिझोल्यूशनही गुणोत्तरातच पाहायचं. निम्म्या उंचीवरची रुंदी भागिले मध्याचं चॅनेल. चांगल्या डिटेक्टरला ६६२ वर ७ ते ८ टक्के येतात. केवळ गेन उतरला असेल तर रुंदीही त्याच प्रमाणात आकसते आणि टक्केवारी तशीच राहते. टक्केवारी महिन्यागणिक वाढत १०-१२ च्या पुढे चालली असेल तर क्रिस्टलच्या सीलमधून दमट हवा आत शिरतेय, किंवा क्रिस्टल आणि पीएमटीमधला जोड सुटलाय. सोडियम आयोडाइड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पिवळं पडतं. सोलापूरची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, त्यामुळे हा प्रकार इथे कमी, पण ऑगस्ट-सप्टेंबरनंतर एकदा तपासून घ्यावं.

एकच गोष्ट बदलली असेल तर

कधीकधी तिन्ही जागा ठीक असतात, पण उंची बदललेली असते. बॅकस्कॅटर अचानक उंच झाला तर कोणीतरी डिटेक्टर भिंतीकडे सरकवला आहे किंवा सोर्सच्या मागे वीट ठेवली आहे. ७५ केईव्हीजवळ नवा पीक उगवला तर तो शिशाचा एक्स-रे. गॅमाने शिशाच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवला, त्याचा हा परिणाम. शिशाच्या आतून कॅडमियमचा आणि त्याच्या आत तांब्याचा पत्रा लावला की तो दबतो.

सीझियमच्या सोर्समधून येणारा ३२ केईव्हीचा बेरियम एक्स-रे नाहीसा झाला, तर सोर्स आणि डिटेक्टरच्या मध्ये काय आलंय ते पाहा. तीन मिलिमीटर अॅल्युमिनियमची पट्टी विसरून राहिली तर ३२ केईव्हीचे निम्म्याहून कमी पार होतात, ६६२ चे मात्र शंभरातले चौऱ्याण्णव. ऊर्जा उतरली की फोटोइलेक्ट्रिक शोषण किती झपाट्याने चढतं, ते इतकं स्वच्छ दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. पट्टी सापडली की रागावू नका. मुद्दाम ठेवून एक रन घ्या आणि जर्नलमध्ये लावा.

एक तक्रार विशेष घाबरवणारी: सीझियमच्या सोर्सबरोबर १३२३ च्या आसपास बारीकसा पीक येतो आणि मुलांना वाटतं सोर्सवर कोबाल्ट सांडलाय, कारण कोबाल्टचा एक पीक १३३२ ला. ६६२ ची दुप्पट करून पाहा. दोन वेगवेगळ्या अणूंचे गॅमा एकाच क्षणी क्रिस्टलमध्ये आले की यंत्र त्यांची बेरीज नोंदवतं. सोर्स दूर न्या. काउंट रेट निम्मा झाला की हा योगायोगाचा पीक चौथाई होतो. खरा कोबाल्ट असता तर तो निम्माच झाला असता, आणि त्याच्याबरोबर ११७३ चाही दिसला असता. फार जवळ ठेवलेल्या सोर्समुळे पीएमटीचा गेनही हलतो, म्हणून तसंही अंतर ठेवलेलं बरं.

पोटॅशचा उपयोग

गेन सरकतोय का हे रोज पाहायला एक प्रमाण लागतं, आणि त्यासाठी दर वेळी सोर्स काढायची गरज नाही. आपल्या भागात डाळिंब, द्राक्ष, ऊस आहे, त्यामुळे खताच्या दुकानात म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिळतं. नैसर्गिक पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं आणि ते १४६१ केईव्हीचा गॅमा सोडतं. एक किलो पोटॅशमध्ये सेकंदाला सुमारे पंधरा हजार विघटनं होतात, त्यातल्या दहा-अकरा टक्क्यांत हा गॅमा निघतो. किलोची पिशवी डिटेक्टरभोवती गुंडाळून शिशाच्या घरात ठेवा, अर्ध्या तासात पीक उभा राहतो. पिशवी प्लास्टिकची आणि नीट बंद हवी, कारण हे मीठच आहे, सांडलं तर धातू गंजवतं.

पिशवी नसली तरी रात्रभराच्या बॅकग्राउंडमध्ये १४६१ दिसतोच. सोलापूरचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात पोटॅशियम, थोरियम कमी, पण विटा, सिमेंट आणि पीएमटीची काचसुद्धा आपापला वाटा देतात. त्याच बॅकग्राउंडमध्ये पार उजवीकडे २६१५ ला थोरियमच्या साखळीतल्या थॅलियम-२०८ चा बारीक पीक असतो. त्याच्या निमित्ताने एका वेगळ्याच प्रश्नाकडे वळतो, कारण तो पालकांकडूनही येतो.

"गॅमा पडून पडून टेबल, विटा किरणोत्सारी होतात का?" आपल्या लॅबमधल्या सोर्सनी नाही. वर सांगितलेलं सगळं इलेक्ट्रॉनांशी चाललेलं आहे, अणुकेंद्र बाजूलाच राहतं. १०२२ केईव्हीच्या पुढे अणुकेंद्राजवळच्या विद्युतक्षेत्रात गॅमा संपून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होऊ शकते, पण त्यातही केंद्र तसंच राहतं, फक्त धक्का घेतं. केंद्रातून न्यूट्रॉन उखडायचा तर सगळ्यात सैल बांधलेल्या बेरिलियम-९ लाही १.६७ एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) लागतात, ड्यूटेरियमला २.२२. कोबाल्टचा १.३३ त्याच्याही खाली. शिशाच्या बाबतीत तर सात-आठ एमईव्हीपर्यंत जावं लागतं. १९३४ मध्ये चॅडविक आणि गोल्डहाबर यांनी ड्यूटेरॉन फोडला तो याच थॅलियमच्या २.६१ एमईव्हीच्या गॅमाने. म्हणजे बॅकग्राउंडच्या उजव्या टोकाचा तो बारीक पीक हा अणुकेंद्र फोडणाऱ्या गॅमाचाच, फक्त आपल्याकडे तो नगण्य संख्येने येतो. तरीही सोर्स चिमट्यानेच उचला, रजिस्टरमध्ये नोंद करून काढा आणि नोंद करून ठेवा.

"शिशाचा शोषणांक कमी येतो" ही तक्रारही कॉम्प्टनच्याच धाग्यातली. ६६२ केईव्हीला अरुंद झोतात शिशाची अर्धमान जाडी, म्हणजे गॅमा निम्मे करणारी जाडी, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. सहा-साडेसहा आली तर शिसं अशुद्ध असल्याचा शेरा मारू नका. मोजणी जीएम (गायगर-म्युलर) काउंटरने केली असेल तर त्याला ऊर्जा कळत नाही, शिशात कॉम्प्टनने वळून आलेला गॅमाही तो तेवढ्याच हौसेने मोजतो. झोताला दोन्ही बाजूंनी तो अरुंद करणारे कोलिमेटर लावा, किंवा स्पेक्ट्रोमीटरवर फक्त फोटोपीकखालचे काउंट घ्या, बॅकग्राउंड वजा करून.

मदत हवी असेल तर नुसता "पीक सरकला" असा मेसेज नको. सकाळचा आणि दुपारचा, दोन्ही स्पेक्ट्रम पाठवा. सोबत तिन्ही चॅनेल, रिझोल्यूशनची टक्केवारी, एचव्ही, शिशाच्या आतलं तापमान आणि मोटर किंवा एसी कधी चालू झाला ती वेळ. ६६२ च्या पीकला दोन टोकं फुटलेली दिसत असतील, तर ते मात्र लगेच कळवा आणि डिटेक्टर उघडायचा प्रयत्न करू नका. क्रिस्टलला तडा गेल्याची ती खूण असू शकते. हवाबंद आवरण एकदा उघडलं की उरलेलं क्रिस्टलही हातचं जातं.